दोराचे दुसरे टोक

दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी स्वतःचा जीव पणाला लावणाऱ्या व्यक्तीविषयी प्रत्येक समाजात आदर असतो, आणि तो असायलाही हवा. परंतु या आदरामुळे एक अडचणीचा प्रश्न सहसा विचारला जात नाही, तो असा की जीव पणाला लावल्यामुळे प्रत्यक्षात कोणी वाचले का. विहीर, मैल्याची टाकी, खाणीतला बोगदा, नदीचा डोह आणि शेततळे अशा ठिकाणी एकाच वेळी अनेक माणसे दगावतात तेव्हा पहिला बळी बहुधा अपघाताने किंवा निष्काळजीपणाने गेलेला असतो, आणि त्यानंतरचे बळी त्याला बाहेर काढण्यासाठी धावलेले असतात. या मागाहून गेलेल्यांपैकी बहुतेकांच्या हातून कोणाचीही सुटका झालेली नसते. ज्या कारणाने पहिला माणूस पडला त्याच कारणाने ते पडलेले असतात, आणि तेही अवघ्या काही मिनिटांच्या अंतराने. अशा मृत्यूंना बलिदान म्हटले की शोक थोडा सुसह्य होतो हे खरे, पण त्याबरोबर चौकशीही थांबते, आणि पुढच्या गावात पुढच्या विहिरीपाशी तेच घडायला रान मोकळे राहते.

वीरांचा गौरव करणाऱ्या आधुनिक संस्थांपैकी सर्वांत प्रसिद्ध संस्थेचा उगमच अशा एका घटनेत आहे. २५ जानेवारी १९०४ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात, पिट्सबर्गजवळच्या हारविक येथील कोळशाच्या खाणीत स्फोट होऊन १७९ जण मृत्युमुखी पडले. आत कोणी जिवंत असेल या आशेने सेल्विन टेलर हे खाण अभियंता खाली उतरले, आणि त्यांच्यानंतर डॅनियल लाइल हे खाणकामगार शोधासाठी गेले. दोघेही स्फोटानंतर बोगद्यांत साचून राहिलेल्या विषारी वायूने मरण पावले. या दोघांच्या मृत्यूने हेलावून गेलेले पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी यांनी त्याच वर्षी ५० लाख डॉलरचा निधी देऊन वीरांच्या सन्मानासाठी आयोग स्थापन केला. निधीचा हेतू उदात्त होता, आणि वीरांच्या मागे राहिलेल्या कुटुंबांना त्यातून आधारही मिळत आला आहे. तथापि दोन कर्त्या माणसांचा जीव घेणाऱ्या त्या वायूचा अभ्यास मात्र दुसरीकडे, आणि त्याच्याही आधी सुरू झाला होता. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९६ मध्येच खाणस्फोटांतील मृत्यूंवर अहवाल सिद्ध करून दाखवून दिले होते की स्फोटाच्या आघातापेक्षा त्यानंतर पसरणारा कार्बन मोनॉक्साइड अधिक माणसे मारतो, आणि हा वायू माणसाच्या आधी ओळखण्यासाठी उंदीर किंवा पाखरे यांसारखे लहान प्राणी सोबत न्यावेत. अर्थात हारविकच्या बोगद्यात दोघे उतरले त्या वेळी हे ज्ञान जगात उपलब्ध होते. ते खाणीच्या तोंडाशी पोहोचले नव्हते, एवढेच.

बंदिस्त जागेतले मरण

औद्योगिक सुरक्षेच्या क्षेत्रात ‘बंदिस्त जागा’ ही संज्ञा विशिष्ट अर्थाने वापरतात. जिच्यात माणूस शिरू शकतो, पण शिरण्या-निघण्याची वाट अरुंद असते, जिथे हवा खेळत नाही आणि जी माणसाने सतत काम करण्यासाठी बांधलेली नसते, ती बंदिस्त जागा. त्यामुळे कारखान्यातील टाकी, जहाजाचा तळ, गटाराचे भुयार, धान्याचे पेव, बायोगॅसचा खड्डा आणि वापरात नसलेली विहीर या सर्वांचा तिच्यात समावेश होतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शिकेत असे नमूद केले की बंदिस्त जागेत मरण पावणाऱ्यांपैकी ६० टक्क्यांहून अधिक लोक हे आधी पडलेल्याला वाचवायला गेलेले असतात. त्याच संस्थेने पुढे स्वतः तपासलेल्या घटनांच्या आधारे हे प्रमाण एक तृतीयांशाच्या आसपास असल्याचे दाखवले. दोन्हींपैकी कमी असलेला आकडा धरला तरी अशा ठिकाणी मरणाऱ्या दर तिघांमागे सुमारे एक जण मुळात धोक्यात नव्हताच. तो बाहेर, मोकळ्या हवेत, सुरक्षित उभा होता.

या मरणाची रीत समजून घेतल्याशिवाय धैर्य तिथे का निरुपयोगी ठरते हे कळत नाही. मोकळ्या हवेत ऑक्सिजनचे प्रमाण सुमारे २१ टक्के असते. ते १६ टक्क्यांच्या आसपास आले की निर्णयशक्ती आणि हालचालींवरचा ताबा ढळू लागतो, १० टक्क्यांच्या खाली माणूस बेशुद्ध पडतो, आणि त्याहून फार खाली गेले तर एक-दोन श्वासांतच कोसळतो. अशा वेळी गुदमरल्याची जाणीवही पुष्कळदा होत नाही, कारण जीव घुसमटण्याची भावना ही मुख्यतः शरीरात कार्बन डायऑक्साइड साचल्याने निर्माण होते, ऑक्सिजन कमी झाल्याने तितकीशी होत नाही. शेण, मैला किंवा कुजलेला पाला यांपासून तयार होणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू तर आणखी फसवा आहे. सडक्या अंड्यासारखा त्याचा वास अगदी अल्प प्रमाणातही येतो, परंतु हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे सुमारे १०० ते १५० भाग झाले की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून धोका टळला असे माणसाला वाटते, आणि प्रत्यक्षात धोका वाढलेला असतो. हेच प्रमाण ५०० ते १००० भागांपर्यंत गेले की माणूस हाक मारण्यापूर्वीच खाली पडतो. हा वायू हवेपेक्षा जड असल्यामुळे तो तळाशी साचतो, आणि तळाशीच आधी पडलेला माणूस असतो, म्हणजे त्याला उचलण्यासाठी वाकणारा सर्वांत दाट थरात नाक घालतो.

विहिरीत उतरण्यापूर्वी पेटता कंदील सोडून पाहण्याची जुनी रीत आपल्याकडे सर्वांना ऐकून ठाऊक आहे. ज्योत विझली तर खाली ऑक्सिजन कमी आहे हे तिच्यातून कळते, परंतु ज्योत तेवत राहिली म्हणून खाली विषारी वायू नाही असा अर्थ होत नाही, कारण जीव घेण्याइतका हायड्रोजन सल्फाइड असतानाही ज्योत जळत राहू शकते. शिवाय शेण-मैल्यातून मिथेनही निघतो, आणि हवेत त्याचे प्रमाण ५ ते १५ टक्के असेल तर ठिणगीने स्फोट होतो. म्हणून बायोगॅसच्या खड्ड्यापाशी कंदील हाच धोका ठरतो. पाणी उपसण्यासाठी डिझेलचे इंजिन विहिरीत उतरवले असेल तर त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड विहिरीत कोंडतो, आणि त्याला वास नसल्याने इशाराच मिळत नाही.

एप्रिल २०२४ मध्ये, गुढीपाडव्याच्या दिवशी, तेव्हाच्या अहमदनगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुक्यात वाकडी येथे जे घडले त्यात वरीलपैकी अनेक गोष्टी एकत्र आल्या. शेणाचा काला सोडण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या एका जुन्या विहिरीत मांजर पडले, त्याला काढायला एक जण उतरला, तो दिसेनासा झाल्यावर त्याच्यामागे दुसरा, मग तिसरा, अशी सहा माणसे एकामागून एक आत गेली आणि त्यांपैकी पाच जण दगावले. सहावा माणूस जिवंत बाहेर आला, कारण उतरण्यापूर्वी त्याच्या कमरेला दोर बांधलेला होता आणि दोराचे दुसरे टोक वर उभ्या असलेल्यांच्या हाती होते. या सहा जणांच्या धैर्यात किंवा मायेत कमी-अधिक असे काहीच नव्हते. जगणे आणि मरणे यांतला भेद दोराने केला.

बुडणाऱ्याचे हात

पाण्यातील सुटकेची गोष्ट वेगळी असली तरी तिचा निष्कर्ष तोच आहे. जीवरक्षक म्हणून काम केलेल्या फ्रँक पिया या अमेरिकी अभ्यासकाने १९७० च्या दशकात बुडणाऱ्या माणसांच्या चित्रफितींचे निरीक्षण करून सांगितले की बुडणारा माणूस सहसा हात हलवून हाका मारत नाही, कारण तोंड पाण्याबाहेर असते तेवढ्या क्षणात त्याला श्वासच पुरत नाही. तो पाण्यात उभा राहतो, दोन्ही हात बाजूंना पसरून पाणी खाली दाबतो, आणि ही अवस्था साधारण २० ते ६० सेकंद टिकते. या वेळी जे हाताला लागेल त्याच्यावर तो चढू पाहतो. त्यामागे हेतू किंवा विचार नसतो, केवळ शरीराची धडपड असते. परंतु जवळ गेलेला माणूस पोहण्यात तरबेज नसेल तर तोच खाली दाबला जातो. म्हणून प्रशिक्षित जीवरक्षक स्वतः आणि बुडणारा यांच्यामध्ये तरंगणारी वस्तू ठेवतो, आणि शक्यतो पाठीमागून जातो.

ऑस्ट्रेलियातील जॉन पर्न आणि रिचर्ड फ्रँकलिन या संशोधकांनी वाचवायला गेलेलाच बुडतो अशा घटनांचा स्वतंत्र अभ्यास केला आहे. अशा घटनांत मुलाला वाचवण्यासाठी झेपावलेले आईवडील किंवा नातलग वारंवार आढळतात, आणि पुष्कळदा ज्याच्यासाठी उडी घेतली तो वाचतो व उडी घेणारा जातो. महाराष्ट्रात या धोक्याला एक नवे ठिकाण मिळाले आहे. २०१६ मध्ये ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना आल्यापासून कोरडवाहू भागात शेततळ्यांची संख्या वाढली. पाणी जिरू नये म्हणून अनेक तळ्यांना प्लास्टिकचे अस्तर घालतात, आणि ओले, शेवाळलेले, उतरते अस्तर इतके निसरडे असते की पट्टीच्या पोहणाऱ्यालाही काठ पकडून वर येता येत नाही. पाणी भरायला गेलेले लेकरू घसरते, त्याच्यामागे बहीण जाते, तिच्यामागे आई जाते. तळ्याच्या चारही बाजूंना गाठी मारलेला एकेक दोर पाण्यापर्यंत सोडलेला असणे आणि काठावर हवा भरलेली ट्यूब ठेवलेली असणे, एवढ्याने यांतले पुष्कळ मृत्यू टळू शकतात. जलसुरक्षेचे जगभर शिकवले जाणारे सूत्रही हेच आहे की आधी काठावरून काठी, ओढणी किंवा पदर पुढे करावा, ते न जमल्यास तरंगणारी वस्तू फेकावी, होडी असल्यास ती न्यावी, आणि स्वतः पाण्यात उतरणे हा प्रशिक्षित माणसाचा शेवटचा उपाय मानावा.

धावून जाणारे मन

एवढे साधे उपाय असताना माणसे ते विसरून का धावतात, या प्रश्नाचे उत्तर अडाणीपणा असे देणे हा मृतांवर अन्याय होईल. १९६४ मध्ये न्यूयॉर्कमध्ये किटी जेनोव्हीज या तरुणीचा खून झाल्यानंतर लतानी आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ पासून केलेले प्रयोग प्रसिद्ध आहेत. गर्दीत प्रत्येक जण दुसऱ्यावर विसंबतो आणि कोणीच मदत करत नाही, याला त्यांनी बघ्यांचा परिणाम म्हटले. याच्या उलट टोकाचा, म्हणजे क्षणाचाही विचार न करता झेप घेणाऱ्यांचा अभ्यास फार उशिरा झाला. डेव्हिड रँड आणि झिव्ह एपस्टाइन यांनी २०१४ मध्ये कार्नेगींच्या आयोगाचे पदक मिळालेल्या ५१ जणांच्या मुलाखती तपासल्या, तेव्हा त्यांतील बहुसंख्यांनी आपण विचार करून नव्हे तर आपोआप धावलो असेच सांगितल्याचे दिसले. बघ्यांचा परिणाम आणि ही आपोआप घेतलेली झेप एकाच ठिकाणी नांदू शकतात, कारण विहिरीच्या काठावरची गर्दी अनेकदा थिजलेली असते आणि तिच्यातून एकेक जण सुटून आत जातो. जमलेल्यांनी मिळून काही करावे, ही मधली वाट दोघांनाही सुचत नाही.

कान्सास विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डॅनियल बॅट्सन यांनी केलेला एक भेद इथे उपयोगी पडतो. दुसऱ्याचे दुःख पाहून मनात दोन वेगळ्या भावना उठतात: एक त्या माणसाविषयीची आस्था, आणि दुसरी ते दुःख पाहावे लागल्याने स्वतःला होणारी तगमग. आस्था असलेला माणूस समोरच्याला काय हवे आहे हे पाहतो, तर तगमग झालेल्या माणसाला ती तगमग थांबवायची असते, मग ती पळून जाऊन थांबो किंवा झेप घेऊन. बाहेरून पाहता दोन्हींतील धाव सारखीच दिसते. काठावर उभे राहून आपला भाऊ किंवा सहकारी खाली पडलेला पाहणे असह्य होते, आणि त्या क्षणी काहीही न करण्यापेक्षा मरण सोपे वाटते. वाचवण्याची ही गरज मग खाली पडलेल्याची उरत नाही, ती वर उभ्या असलेल्याची होते. इथेच वीरवृत्ती आत्मघाताकडे वळते. त्यात भर पडते ती लोकापवादाच्या भीतीची, कारण जो उतरला नाही त्याला पुढे आयुष्यभर ‘तू तिथे होतास ना’ हे ऐकावे लागते, आणि ज्याने दोर धरला, दूरध्वनी केला, दुसऱ्यांना अडवले, त्याच्या कामाला वाचवणे म्हणण्याची रीत समाजात नाही.

जॉन स्कॉट हॉल्डेन यांचे पुत्र जे. बी. एस. हॉल्डेन हे पुढे भारताचे नागरिक झाले आणि १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे वारले. आपण दोन सख्ख्या भावांसाठी किंवा आठ चुलतभावंडांसाठी जीव देऊ, असे ते विनोदाने म्हणत असल्याचे सांगतात; आनुवंशिकतेच्या हिशेबात एवढ्या नातलगांत मिळून आपलाच वारसा शिल्लक राहतो, असा त्याचा मथितार्थ. पित्याने बोगद्यातला वायू मोजला आणि पुत्राने आत्मत्यागाचा हिशेब मांडला. वाकडीसारख्या घटनांत मात्र दोन्ही हिशेब चुकतात, कारण तिथे आधीच गेलेल्या एकासाठी आणखी चार जण जीव गमावतात.

जबाबदारी कोणाची

हा सगळा विचार केवळ वाचवणाऱ्याच्या मनापाशी थांबवला तर तो अपुरा राहील. कारखाने अधिनियम, १९४८ याच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट तरतूद होती की ज्या टाकीत किंवा खड्ड्यात घातक वायू असण्याची शक्यता आहे तिथे वायू काढून टाकण्याचे सर्व उपाय केल्याशिवाय कोणाला आत जाऊ देऊ नये. सक्षम व्यक्तीने तपासणी करून ती जागा सुरक्षित असल्याचे लेखी प्रमाणपत्र तरी द्यावे, किंवा आत जाणाऱ्याने श्वसनयंत्र लावावे आणि त्याच्या पट्ट्याला बांधलेल्या दोराचे मोकळे टोक बाहेर उभ्या असलेल्या माणसाने धरावे. दोर धरणारा माणूस ही कायद्याने १९४८ मध्येच घातलेली अट, म्हणजे ती जवळपास स्वातंत्र्याइतकीच जुनी आहे. हाताने मैला साफ करण्यास बंदी घालणाऱ्या २०१३ च्या कायद्याने सुरक्षासाधनांशिवाय कोणालाही गटारात किंवा मैल्याच्या टाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१४ मध्ये अशा मृत्यूंसाठी १० लाख रुपये भरपाई ठरवून दिली, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ती ३० लाख केली. तरीही टाकीत पहिला उतरतो तो ठेकेदाराने रोजंदारीवर आणलेला सफाई कामगार, त्याच्यामागे जातो तो त्याचा जोडीदार, आणि मागाहून कधी कधी रस्त्याने जाणारा तिऱ्हाईत. नोव्हेंबर २०१५ मध्ये केरळातील कोळिकोड येथे मॅनहोलमध्ये पडलेल्या दोन परप्रांतीय कामगारांना काढण्यासाठी एक रिक्षाचालक उतरला आणि तिघेही गेले. त्या रिक्षाचालकाचा गौरव झाला, आणि तो योग्यच होता. परंतु वीराचा गौरव करताना ज्याने साधनांशिवाय दोघांना आत उतरवले त्याचा गुन्हा झाकला जाणार असेल, तर तो गौरव मालकाच्या सोयीचा ठरतो.

प्रशिक्षित दलेही या मोहापासून मुक्त नसतात. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकाइन’ या स्फोटकांनी भरलेल्या जहाजाला आग लागून जे स्फोट झाले त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान मृत्युमुखी पडले, आणि त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. अशा अनुभवांतूनच जगभरच्या अग्निशमन दलांनी आपले नियम बदलले. अमेरिकेतील फिनिक्स शहराचे अग्निशमन प्रमुख ॲलन ब्रुनासिनी यांनी रूढ केलेला नियम असा की वाचू शकणाऱ्या जिवासाठी विचारपूर्वक मोठा धोका घ्यावा, आणि जे आधीच गेले आहे त्यासाठी मुळीच धोका घेऊ नये. हा नियम कठोर वाटतो खरा, पण तो पाळणारा जवान दुसऱ्या दिवशीच्या आगीवर हजर राहू शकतो.

महाभारतातील अभिमन्यूकडेही या दृष्टीने पाहता येते. चक्रव्यूहात शिरणे आपल्याला येते, बाहेर पडणे येत नाही, हे त्याने युधिष्ठिराला आधीच सांगितले होते, आणि आम्ही तुझ्या पाठोपाठ येतो या वडीलधाऱ्यांच्या शब्दावर तो आत गेला. जयद्रथाने मागची वाट अडवली तेव्हा तो शब्द फोल ठरला. परंपरेने अभिमन्यूचे शौर्य लक्षात ठेवले आणि परतीची वाट नक्की न करता सोळा वर्षांच्या मुलाला पुढे घालणाऱ्या थोरांचा दोष सौम्य केला. दोर न देता माणसाला आत जाऊ देणारा आजचा समाज त्या थोरांच्याच जागी उभा आहे.

करण्यासारख्या गोष्टी थोड्याच आहेत आणि त्या महाग नाहीत. महाराष्ट्रात राज्य आपत्ती प्रतिसाद दल धुळे व नागपूर येथे आहे, राष्ट्रीय दलाची तुकडी पुण्याजवळ आहे, आणि अग्निशमन केंद्रे बहुतांशी शहरांत आहेत; म्हणजे विहिरीपाशी पहिली काही मिनिटे गावालाच सांभाळावी लागणार. त्यासाठी प्रत्येक ग्रामपंचायतीत मजबूत दोर, अंगाला बांधायचा पट्टा, विहिरीवर रोवायची तिपाई व कप्पी, हवा सोडण्यासाठी पंखा आणि वायू मोजण्याचे छोटे यंत्र असावे, आणि ते कुलपात न ठेवता कोणाच्या ताब्यात आहे हे गावाला ठाऊक असावे. शाळेत पोहणे शिकवताना बुडणाऱ्याला काठावरून कसे काढावे हेही शिकवावे. कोणी विहिरीत पडला तर ११२ वर कळवणे आणि दुसऱ्याला उतरू न देणे हे पळपुटेपणाचे नव्हे, जबाबदारीचे काम आहे, ही गोष्ट गावातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवी. १९६१ पासून दिल्या जाणाऱ्या जीवन रक्षा पदकांची शिफारस करताना ज्याने दोर धरला, ज्याने धावणाऱ्याला अडवले आणि त्यामुळे बळींची संख्या एकावर थांबवली, त्याचेही नाव गावाने पाठवावे. असा गौरव रूढ होईल तेव्हा काठावर उभ्या असलेल्याला मरण सोपे वाटणार नाही, आणि वाचवण्याच्या इच्छेला वाचवण्याची रीत सापडेल.